पंधरा फुटांवरचे सर

आमच्या वर्गात फरशीवर एक पिवळी रेघ होती. ऑइलपेंटची, बोटभर जाड, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ज्या भिंतीवर आम्ही आमची पोस्टरं टाचायचो, तिच्यापासून बरोबर पंधरा फुटांवर. सरांनी स्वतः टेप धरून ती मारून घेतली होती. कामं तपासायची वेळ आली की सर त्या रेघेमागे उभे राहायचे, चष्मा काढून खिशात टाकायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "हं. बोल भिंती."

भिंत बोलली नाही तर काम नापास.

"रस्त्यावरचा माणूस चष्मा पुसून पोस्टर बघायला येत नसतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. "तो यष्टीत बसलाय. डोक्यात बायकोचं भांडण हाय. तेवढ्यात तुमचं काम त्याला दिसलं पाहिजे. पंधरा फुटांवरनं. जवळ जाऊन बघतो तो गिऱ्हाईक न्हाय, तो मास्तर."

स्वतः मास्तर असून हे सांगताना त्यांना काही वाटत नसे. मी त्या वर्गात एक वर्ष काढलं. त्या वर्षात त्यांना रेघेच्या पुढे पाऊल टाकताना मी कधी पाहिलं नाही. कुणाचं पोस्टर वाकडं लागलं असेल तर ते तिथूनच "डावीकडं, डावीकडं, मेलास का?" असं ओरडायचे.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आमच्याकडे मास्तर म्हणजे देवाच्या खालची पायरी. शाळेत असताना मास्तरांनी छडी मारली तर घरी सांगायची सोय नव्हती, घरी आणखी दोन बसायच्या. त्यामुळे सरांबद्दल असं लिहिताना हात अडखळतो. आणि त्यांचे उपकार नाहीत असंही नाही. बी.ए. झाल्यावर जाहिरातकलेच्या या एक वर्षाच्या कोर्सचा अर्ज घेऊन मी गेले तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. क्लार्कनं अर्ज परत माझ्यापुढे सरकवला. सर तिथंच बशीत चहा ओतून पीत उभे होते. त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"गडमुडशिंगी."

"येणार कशी?"

"सायकलनं."

"घ्या हो तिला," ते क्लार्कला म्हणाले. "सायकलनं येणारी पोरं वर्ग बुडवत नाहीत. पंक्चर काढायला शिकलेली असतात."

एवढ्यावर मला प्रवेश मिळाला. हे मी विसरलेली नाही. पण त्याच दिवसापासून मला नाव राहिलं नाही, हेही विसरलेली नाही. सर विद्यार्थ्यांची नावं लक्षात ठेवत नसत, गावं ठेवत. मी मुडशिंगी. पन्हाळ्याहून येणारा एक हसरा मुलगा होता, तो पन्हाळा. कोल्हापूर शहरातली मुलं मात्र त्यांच्या लेखी पावणं. "काय पावणं, आज इकडं कुठं?" असं म्हणून ते त्यांना वर्गात घेत. आम्ही गावाकडची पोरं याला कौतुक समजायचो.

सर तरुणपणी मुंबईत एका जाहिरात कंपनीत होते. अकरा महिने. त्या अकरा महिन्यांच्या गोष्टी ते अकरा वर्षं पुरवून सांगत होते, आणि दर वर्षी त्या गोष्टींत त्यांची खुर्ची साहेबाच्या केबिनजवळ सरकत होती. आमच्या वर्षापर्यंत ती केबिनच्या आत गेली होती. मुंबई का सोडली, असं पन्हाळ्यानं एकदा विचारलं. सर म्हणाले, "तिथं माणसं फार जवळ येऊन बोलतात."

शब्दांशी त्यांचं वैर होतं. लिहून आणलेल्या मजकुरातले शब्द ते लाल पेनानं असे मारायचे की जणू उवा मारतायत. पन्हाळ्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. त्यानं मोठ्या मानानं सरांना पत्रिका दिली. दुसऱ्या दिवशी पत्रिका परत आली, लाल होऊन. वरचं देवाचं नाव उडालं होतं, मामा-काका उडाले होते, "आपली उपस्थिती प्रार्थनीय" उडालं होतं. वधूवरांची नावं आणि वेळ एवढंच शिल्लक. खाली शेरा होता: "आता वाचवतं."

"सर, पण कार्यालयाचं नावपण गेलं की," पन्हाळा म्हणाला.

"ज्याला यायचंय तो शोधतो."

सर लग्नाला गेले नाहीत. बहुतेक शोधत बसले असावेत.

कॉलेजसमोर एक चहाची टपरी होती. मालकाच्या पाटीवर चहा, कॉफी, दूध, वडा, मिसळ असं सगळं लिहिलेलं होतं. सरांनी महिनाभर त्याच्या मागे लागून ती पाटी पुसायला लावली आणि त्या जागी एकच शब्द रंगवून घेतला: "या." आम्हाला सगळ्यांना रस्त्यापलीकडे उभं करून ती पाटी दाखवली. आम्ही वह्या काढून लिहून घेतलं. दोन आठवड्यांनी मालकानं खाली खडूनं "मिसळ" लिहिलं. सर त्या दिवसापासून दुसऱ्या टपरीवर चहा प्यायला लागले. "ह्या गावाला कला पचत न्हाय," ते म्हणाले. माणूस नुसताच "या" वाचून आत आला तर काय मागणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो पंधरा फुटांवरून दिसणारा प्रश्न नव्हता.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं जनजागृतीची एक मोहीम करायची होती. विषय आपण निवडायचा, पोस्टर करायचं, त्याच्या चाळीस प्रती छापून खरोखर कुठंतरी लावायच्या आणि सरांची सही घ्यायची. ती सही म्हणजे कोर्स पास. बहुतेकांनी झाडं लावा, पाणी वाचवा असे विषय घेतले. मी घेतलं कुट्टी मशीन.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. जनावरांना उसाचं वाडं, कडबा, हिरवी वैरण बारीक करून घालायचं हे मशीन. मोटरीवर चालतं. एका बाजूनं पेंढी आत सरकवायची, आत पाती फिरतात, दुसऱ्या बाजूनं तुकडे पडतात. पेंढी आत घेतात त्या तोंडावर पत्र्याचं झाकण असतं, हात पात्यापर्यंत जाऊ नये म्हणून. त्या झाकणानं वैरण अडकते, वेळ जातो, म्हणून गावोगाव माणसं ते काढून ठेवतात. मग कधीतरी वैरणीबरोबर बोटं जातात. मशीन बायका चालवतात, त्यामुळे बोटं बायकांची जातात.

आमच्या मोठ्या आईची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीची, अशीच गेली होती. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन. झाकण काढलं होतं तिच्या मुलानं, आमच्या दादानं. तिनं तीन वर्षांत त्याला एक शब्द विचारला नव्हता. फक्त हात पदराखाली गेला तो गेला. आमच्याकडे बेंदराला बैलं पुजून झाली की घरातली थोरली बाई गोठ्याच्या चौकटीवर काव, म्हणजे गेरू, लावून हाताचा ठसा उठवते. मोठ्या आईनं ते बंद केलं. ते काम नव्या वहिनीकडे आलं. आणि हातभर बांगड्या घालून मशीनही तीच चालवायला लागली. झाकण अजून काढलेलंच होतं.

मी मोठ्या आईला म्हटलं, तुझ्या हाताचा फोटो घेऊ का?

"फोटु नगं," ती म्हणाली आणि उठून गेली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढत होते, तर ही परातीत काव कालवून बसलेली.

"आण कागद."

तिनं हात बुडवला आणि कागदावर दाबून धरला. उचलला तेव्हा अंगठा उठला होता, शेवटची दोन बोटं उठली होती, मधे दोन ठिकाणी नुसते गोल डाग होते. तिनं फडक्याला हात पुसला.

"एक आट हाय माझी," ती म्हणाली. "ह्ये डेअरीत लागलं पायजे. दादा सकाळ-संध्याकाळ किटली घिऊन तिथं रांगंला उभा ऱ्हातोय. मी सांगितलं तर घरात तोंडं फिरत्यात. भित्तीनं सांगितलं तर वाचंल की. त्या पोरीची बोटं जायच्या आदी वाचाय पायजे त्येनं."

मी शब्द दिला. खाली तिच्याच तोंडचं वाक्य लिहिलं: "दोन बोटं वैरणीत गेली. झाकण बसवा." आणि कागद भिंतीला टाचून सरांची वाट बघत उभी राहिले.

सर रेघेमागे आले. चष्मा खिशात गेला.

"ठसा जोरदार हाय," ते म्हणाले. मला आकाश ठेंगणं झालं. "पण खाली ही मुंग्यांची रांग कशाला?"

"सर, झाकण बसवा म्हणून..."

"कसलं झाकण? तू झाकणं विकतीस व्हय मुडशिंगी?"

"मशीनचं, सर. ते बसवलं तर बोटं जात नाहीत."

"हे मशीन हातानं फिरवायचं असतंय?"

"मोटरीवर असतंय, सर."

"असू दे. जाहिरात म्हणजे मेकॅनिकची वही न्हवं. एक शब्द. 'सांभाळा.' बास."

"पण सर, काय सांभाळा ते..."

"बघणाऱ्याला कळतंय. न कळणाऱ्यासाठी आपण काम करत न्हाय."

बोटांबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, दोन बोटं नाहीत हे त्यांनी पाहिलं आणि पाहून गप्प राहिले. मला ते मोठेपण वाटलं. तिथं जवळपास तासभर मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार घालत होते. आणि मोठ्या आईचं वाक्य खोडलं. कुणी हात धरला नव्हता. मला पास व्हायचं होतं.

छपाईला काम गेलं ते कॉलेजजवळच्याच एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे. त्यानं आधी नमुन्याची एक प्रत काढून पाठवायची, सरांनी ती बघून मागे "उत्तम" लिहून सही करायची आणि मग चाळीस प्रती निघायच्या, अशी पद्धत. नमुना आला त्या दिवशी मी डेअरीच्या सेक्रेटरीकडे परवानगीसाठी गेले होते. सरांनी नमुना टाचायला लावला, रेघेमागे गेले, चष्मा काढला आणि "उत्तम" लिहिलं.

शनिवारी संध्याकाळी, दूध घालायची वेळ गाठून मी गठ्ठा सायकलला बांधून थेट डेअरीत गेले. रांग लागली होती. पन्नासेक माणसं, निम्म्या बायका. फॅट काढायच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर मी पहिलं पोस्टर खळीनं चिकटवलं आणि मागे सरून बघितलं.

लालभडक हात. खाली "सांभाळा". आणि हाताला पाच बोटं.

मी पुन्हा मोजली. पाचच होती. गठ्ठा सोडला. सगळ्यांवर पाच.

"काय गं बाय, निवडणूक लागली व्हय?" सेक्रेटरी टेबलामागून म्हणाला. "आपल्या डेअरीत प्रचार चालत न्हाय हां."

"सांभाळा म्हंजे? कुणी कुणाला?" रांगेतला एक म्हातारा.

"चपला आसतील," मागून कुणीतरी. रांग हसली. दादाही हसला. किटली घेऊन तो चौथा की पाचवा उभा होता.

तेवढ्यात मोठी आई आली. आज लागणार म्हणून मीच तिला सांगून ठेवलं होतं. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. ती भिंतीपर्यंत गेली, नाक लागेल इतकी जवळ.

"हा कुणाचा हात?"

मी पुढे झाले. "तुझाच, मोठी आई."

तिनं बोट टेकवून मोजलं. मग म्हणाली, "माझी बोटं आली की गं माघारी. कुटं घावली?"

रांगेतलं हसू एकदम थांबलं. मोठ्या आईनं पदराखालून हात बाहेर काढला. तीन वर्षांत पहिल्यांदा, चारचौघांत. तिनं तो त्या छापील हातावर ठेवला. अंगठ्यावर अंगठा, करंगळीवर करंगळी. मधे दोन लाल बोटं उघडी राहिली. तिनं हात काढला नाही. प्रत्येकाला नीट दिसेपर्यंत ठेवला.

"कात्री हाय?" तिनं सेक्रेटरीला विचारलं.

पेंडीच्या पोत्यांची शिवण उसवायची एक मोठी कात्री टेबलावर होती. ती घेऊन ती रांगेत गेली आणि दादापुढे धरली.

"घे. ती दोन काप."

"आई, काय ह्ये, लोकांत..."

"झाकान काढताना इचारलंतंस का लोकास्नी? काप."

दादानं किटली खाली ठेवली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या. खळ ओली होती, कागद सुटत होता. त्यानं एक बोट कापलं. दुसऱ्याला कात्री लावताना ओला कागद दुमडायला लागला, तेव्हा सेक्रेटरीनं उठून तो धरला. दोन कपटे खाली पडले. त्यांच्या जागी भिंतीचा जुना हिरवा रंग दिसायला लागला.

"आता हाय माझा हात," मोठी आई म्हणाली. "अजून एकुणचाळीस हायत. घरी घिऊन चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याच्या पायरीवर बसून दादानं बाकीची कापली. कापून झाल्यावर माडीवर गेला. मशीनचं झाकण तीन वर्षं आमच्याकडे कांदे ठेवायला वापरत होते. त्यानं कांदे ओतून दिले, झाकण खाली आणलं, रॉकेलनं पुसलं आणि चार बोल्ट मारून बसवलं. गावात आणखी किती झाकणं बसली ते मी मोजलं नाही. आमचं बसलं.

सोमवारी मी छपाईवाल्याकडे भांडायला गेले. तो बिचारा गोंधळला. "ताई, तुमचा ठसा अर्धा उठलावता की. दोन बोटं न्हवतीच. खाली बी नुसतं 'सांभाळा' लिवलंतं. मी माझा हात ठेवून माप घेतलं आन् भरली. आख्खी दुपार गेली माझी त्यात. जादाचं काय लावलं न्हाय." चूक त्याची होती, पण या सगळ्या प्रकरणात ठशाजवळ जाऊन बोटं मोजणारा तो एकटाच निघाला.

मग एक कापलेलं पोस्टर घेऊन मी वर्गात गेले. मी चिडलेली होते. आज सरांना रेघ ओलांडायला लावायची, असं ठरवून गेले होते. मी ते भिंतीला टाचलं. सर आले, चष्मा काढला, डोळे बारीक केले. कापलेल्या जागेतून मागची निळी भिंत दिसत होती. ती भोकं एवढी मोठी होती की त्यांनाही दिसली.

"भिंत बोलली," ते हळूच म्हणाले. "कुणी कापलं?"

मी सगळं सांगितलं. छपाईवाला, डेअरी, कात्री, दादा. सर ऐकत होते, म्हणजे मला तसं वाटत होतं.

"दादा काय करतोय?"

"शेती."

"मग त्याला कळायचं न्हाय, आपण काय केलंय ते," सर म्हणाले.

'आपण' हा शब्द मी तेव्हा फार गंभीरपणे घेतला नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीला ते सांगत होते, "मी मुद्दाम पाची बोटं छापून घेतली. आधी पूर्ण हात दाखवायचा, मग लोकांसमोर कापायचा. हे पोस्टर न्हवं, हा प्रयोग हाय. काय मुडशिंगी?"

सही अजून व्हायची होती. मी म्हटलं, "हो सर."

सही झाली. पोस्टर एका स्पर्धेला गेलं, पहिलं आलं. व्यासपीठावर सर गेले, मी खाली टाळ्या वाजवल्या. कॉलेजनं ते काचेच्या चौकटीत बसवलं. चौकटवाल्यानं मागे पांढरा पुठ्ठा घातला आणि भोकं बुजली. पंधरा फुटांवरून आता तिथं डाग आहे की कोरा कागद, ते कळत नाही. सरांनी ती चौकट आपल्या खुर्चीच्या मागे लावली, म्हणजे त्यांच्या पाठीला ती रोज दिसत असे.

नोकरीसाठी त्यांनी मला चिठ्ठी दिली. तीन शब्दांची: "ही काम करते." छापखान्याच्या मालकानं ती वाचून मला मजकूर लिहायला ठेवून घेतलं, म्हणजे याचेही उपकार आहेतच. पुढच्या कैक वर्षांत मला सरांचे विद्यार्थी भेटत राहिले, अगदी दोन हजार सालानंतरच्या तुकड्यांतलेही. सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती. सरांना ती कल्पना पहाटे सुचली होती, असं एकानं मला सांगितलं. मोठी आई त्या गोष्टीत नव्हती. दादा नव्हता. सरांनी लाल पेन चालवलं होतं.

पण बक्षिसानंतरची एक भेट त्यांच्या गोष्टीत नाही, ती मी सांगते.

एका वर्तमानपत्राला सरांचा फोटो हवा होता, गावातला, पोस्टरच्या "मूळ प्रेरणेसह". बेंदूर होऊन चार दिवस झाले होते. फोटोग्राफरच्या स्कूटरवर मागे बसून सर आमच्या दारात आले. इस्त्रीची पांढरी पॅन्ट. रस्त्यावरच उतरले आणि चष्मा काढला. तिथून गोठ्याची चौकट साधारण पंधरा फुटांवर असेल. मला हसू आलं. नजरेनंच माप घेतलं असणार.

त्या बेंदराला मोठ्या आईनं तीन वर्षांनी आपल्या हाताचा ठसा चौकटीवर उठवला होता. काव अजून ताजी होती. परात तिथंच पायरीवर होती, कारण वहिनी त्याच कावेनं कट्ट्याची किनार ओढत होती.

सरांनी डोळे बारीक केले.

"मुडशिंगी, तो ठसा नीट उठलेला न्हाय," ते म्हणाले. "दोन बोटं आलीच न्हाईत. पुसून परत मारायला सांग. फोटोत असलं अर्धवट बरं दिसत न्हाय."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. तो एकदा ठशाकडे आणि एकदा मोठ्या आईच्या हाताकडे बघत होता. वहिनीच्या हातातला बोळा थांबला.

मोठी आई मात्र शांत होती. "व्हय, व्हय," ती म्हणाली. "मारूया की मास्तर. जरा जवळ या."

"मी हितं बरा हाय."

"या वो. तुमचाच फोटु हाय न्हवं?"

फोटोचं नाव काढल्यावर सर आले. चिखलातून पाय उचलत, पॅन्ट चिमटीत धरून, अगदी चौकटीपर्यंत. मोठ्या आईनं त्यांचं उजवं मनगट आपल्या उजव्या हातानं धरलं.

"तुमास्नी पाची हायत न्हवं? मग तुमीच उठवा."

तिनं त्यांचा हात परातीत बुडवला आणि आपल्या ठशाच्या शेजारी चौकटीवर दाबला. चांगला जोर लावून, ठसा नीट उठेपर्यंत. सरांनी मान खाली करून आपल्या मनगटाकडे पाहिलं. तिथं अंगठा होता, दोन बोटं होती आणि मधे काहीच नव्हतं. त्यांनी मोकळ्या हातानं खिशातून चष्मा काढला आणि घातला. पुन्हा पाहिलं.

त्या क्षणी मला त्यांना सगळं माफ करावंसं वाटलं. एक शब्द ते बोलले असते तर मी केलंही असतं. शब्द कमी वापरायची त्यांना सवय होतीच.

"साबण आहे का?" सर म्हणाले.

वहिनीनं साबण दिला. ते हात धुऊन आले आणि चष्मा पुन्हा खिशात टाकला. फोटो निघाला. तो कात्रण करून मी ठेवलाय. सर चौकटीशेजारी उभे आहेत, पाठीमागे पाच बोटांचा सुरेख ठसा आहे. मोठ्या आईचा ठसा फोटोग्राफरनं फोटोत घेतला होता, पण छापताना तो कापला गेला.

स्कूटर वळणावर दिसेनाशी झाल्यावर मोठ्या आईनं पोचारा घेतला आणि सरांचा ठसा पुसून टाकला. आपला ठेवला. मग वहिनीला हाक मारली, जनावरं वैरणीची वाट बघत होती. मोटर सुरू झाली. दादानं बसवलेल्या झाकणाचा एक बोल्ट सैल होता, त्यामुळे मशीन चाललं की ते गल्लीभर वाजायचं.

"लई खडखडतंय, आई," दादा गोठ्यातून ओरडला. "काढून घट्ट करू काय?"

"त्या पोरीचं हुईस्तवर हात लावू नगंस," मोठी आई म्हणाली. "खडखडू दे."